एक खोली, दीड तिकीट: दोघांसाठी सातारा आणि सांगली

पाठीवर पिशवी टाकून कमी पैशांत फिरायला निघालेल्या जोडप्याला बहुधा एकच सल्ला मिळतो: जिथे तिथे स्वस्तातलं घ्या. खोली स्वस्तातली, गाडी स्वस्तातली, जेवण स्वस्तातलं. एकट्या माणसाला हा सल्ला चालून जातो, दोघांना तो महागात पडतो. कारण दोघं निघाले की खर्चाची तीन कलमं तीन तऱ्हांनी वागतात. खोलीचं भाडं एकाला जेवढं, जवळपास तेवढंच दोघांना, म्हणजे माणशी ते निम्म्यावर येतं. प्रवासाचं भाडं मात्र डोकी मोजून द्यावं लागतं. जेवण या दोन्हींच्या मधे बसतं: थाळी दोघांना दोन लागतात, पण भाजी, आमटी, भाकरी वेगवेगळी मागवली तर दीडात भागतं. हे मान्य केलं की नियम उलटा निघतो. दोघांनी काटकसर करायची ती खोलीत नव्हे, हलण्यात. रोज नवं गाव, रोज नवा लॉज, रोज स्टँडपासून रिक्षा, हे सोडून एका गावात बरी खोली घेऊन तीन-चार रात्री टिकून राहायचं आणि तिथून आसपास फिरायचं. त्यासाठी गावही तसंच हवं: जिथून चारी बाजूंना एसटी सुटते, जिथे लोक पर्यटकांसाठी नव्हे तर स्वतःसाठी खानावळी चालवतात, आणि जिथे पायी हिंडून दिवस सार्थकी लागतो. सातारा आणि सांगली ही दोन्ही शहरं या कसोटीला उतरतात.

जगभरातले कमी खर्चात फिरणारे लोक हेच करतात. मेक्सिकोत समुद्रकिनाऱ्यावरच्या कांकूनमधल्या हॉटेलांच्या रांगा टाळून ते ओआहाकासारख्या जुन्या, नांदत्या शहरात खोली घेतात आणि दुपारी बाजाराजवळ तिथल्या कामकऱ्यांसाठी बनणारं ठरलेलं जेवण जेवतात. त्या जेवणाला तिकडे कोमिदा कोरिदा म्हणतात; आपल्याकडच्या खानावळीतल्या राइसप्लेटचाच तो भाऊ. आपल्याकडे मात्र सातारा जिल्हा म्हटलं की गाडी थेट महाबळेश्वर-पाचगणीला जाते आणि साताऱ्याचं शहर बायपासवरून मागे पडतं. थंड हवेच्या ठिकाणी सुट्टीच्या दिवशी खोलीचे दर गर्दीप्रमाणे चढतात. जिल्ह्याच्या गावातल्या लॉजवर कोर्टकचेरीला, दवाखान्याला, व्यापाराला आलेली माणसं उतरतात, त्यामुळे तिथले दर तसे हलत नाहीत. हा फरक जोडप्याने आपल्या बाजूने वापरावा.

आता प्रवासाचं कलम. १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या गाड्यांमध्ये सर्व वयाच्या महिलांना राज्याच्या हद्दीत अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो. एका माणसाचं तिकीट १०० रुपये धरलं, तर दोन पुरुषांना २०० लागतात, दोन महिलांना १०० पुरतात आणि नवरा-बायकोला १५०. ही सवलत साध्या गाडीपासून वातानुकूलित गाडीपर्यंत चालते; आरक्षण केलं तर त्याचा आकार तेवढा वेगळा द्यावा लागतो. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा ४ आणि ७ दिवसांचा पासही आहे आणि पुष्कळ जण तो हौसेने काढतात. पण आपल्या पद्धतीच्या सहलीत, जिथे मुळात हलणंच कमी आहे आणि एका तिकिटाला अर्धी सवलत आधीच मिळते, तिथे तो पास पुरुषाला कदाचित परवडेल, बाईला क्वचितच. काढण्यापूर्वी मोजून पाहावं.

यावर पहिला आक्षेप दुचाकीवाल्यांचा येतो. दोघांचं पेट्रोल दीड तिकिटाहून कमी पडतं आणि वाट्टेल तिथे थांबता येतं, असं ते म्हणतात. नुसतं पेट्रोल मोजलं तर ते बरोबर आहे. पण पुण्याकडून यायचं तर खंबाटकीचा घाट, मालमोटारींची रांग, पाठीवर दोन पिशव्या आणि मागे बसणाऱ्या माणसाचे तासन्‌तास आखडलेले गुडघे, हेही हिशोबात धरायला हवेत. आणि मागे बसणारी व्यक्ती बहुतेक वेळा बायकोच असते. मुख्य प्रवास एसटीने किंवा रेल्वेने करावा. साताऱ्यात कुणा नात्यातल्या माणसाची किंवा मित्राची दुचाकी एका दिवसासाठी मिळाली तर ती कास आणि ठोसेघरच्या बाजूला जरूर वापरावी. त्या रस्त्यांवर दुचाकीचा खरा उपयोग आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: एसटीचा भरवसा नाही, आडगावात अडकलो तर काय? ही भीती बहुतेक वेळा वेळापत्रकाचं तंत्र ठाऊक नसल्यामुळे येते. खेड्यावर जाणारी संध्याकाळची शेवटची गाडी पुष्कळदा मुक्कामी असते. चालक-वाहक गावातच झोपतात आणि पहाटे तीच गाडी शहराकडे निघते. शाळा-कॉलेजच्या मुलांच्या आणि बाजाराच्या सोयीने हे बसवलेलं असतं. म्हणून शहरातून गावाकडे जाणारी गाडी अंधार पडल्यावरही मिळते, पण गावातून शहराकडे परतणारी शेवटची गाडी दुपार कलतानाच निघून गेलेली असू शकते. फिरणाऱ्याची गरज नेमकी याच्या उलट असते. तेव्हा सकाळी पहिल्या गाड्यांपैकी एक धरावी, चढल्या चढल्या वाहकाला परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारावी आणि तिच्या आधीची गाडी आपली समजावी. मोबाइलवरच्या वेळेपेक्षा स्टँडवरची चौकशी खिडकी आणि वाहक यांचं सांगणं खात्रीचं. साताऱ्यात मध्यवर्ती स्थानक आणि राजवाड्याजवळचं स्थानक अशा दोन ठिकाणांहून गाड्या सुटतात. आपली कुठून सुटते ते आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवलं की सकाळची धावपळ आणि रिक्षा दोन्ही वाचतात.

साताऱ्यात पहिला दिवस एकही तिकीट न काढता घालवता येतो. शहर अजिंक्यताऱ्याच्या कुशीत आहे. सकाळी ऊन चढायच्या आत गडावर जावं. वरून यवतेश्वरचा डोंगर आणि शहराची उतरती पेठ दिसते, आणि १७०८ मध्ये शाहू महाराजांना राज्याभिषेक झाला ती ही जागा. उतरताना गडाच्या पायथ्याची चार भिंती, म्हणजे १८५७ च्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक, पाहून खाली राजवाड्यापर्यंत चालत यावं. स्टँडजवळचं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय दुपारच्या उन्हासाठी राखून ठेवावं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून आलेली वाघनखं २०२४ मध्ये पहिल्यांदा इथेच मांडली होती. सोमवारी सरकारी संग्रहालयं सहसा बंद असतात, तेव्हा सोमवार गडासाठी किंवा प्रवासासाठी ठेवावा. संध्याकाळी कृष्णा-वेण्णेच्या काठी संगम माहुली. विश्वेश्वराचं देऊळ, न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव, शाहू महाराजांची आणि त्यांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी, एवढं सगळं शहरापासून पाचेक किलोमीटरवर आहे.

बाकीचे दिवस एकाच रस्त्यावरच्या दोन गोष्टी जोडून आखावेत; खर्च खरा इथे वाचतो. सज्जनगड आणि ठोसेघर एकाच वाटेवर आहेत, म्हणून सकाळी गड, दुपारी धबधबा. कासच्या पठारावरून बामणोलीची गाडी जाते, म्हणून कास आणि शिवसागर जलाशयाचा काठ एका दिवसात. कास हा २०१२ पासून जागतिक वारशात नोंदलेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच्या बहरात तिथे रोजच्या माणसांवर मर्यादा असते आणि आगाऊ ऑनलाइन नोंदणी करावी लागते. शनिवार-रविवार टाळा. गर्दीच्या दिवशी फुलांपेक्षा माणसांची डोकी जास्त दिसतात आणि पठाराचंही त्यात भलं नसतं. बहर नसताना निव्वळ फुलांसाठी तिथे जाण्यात अर्थ नाही. त्याऐवजी लिंब गावाजवळची बारा मोटेची विहीर पाहावी. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतलेली ही विहीर सुमारे ११० फूट खोल आहे आणि तिच्या पोटातच छोटा महाल आहे. इतकं सुंदर दगडी काम इतक्या कमी खर्चात क्वचितच बघायला मिळतं. औंधला अख्खा दिवस द्यावा. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं शिल्पही आहे. याच राजाने १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने आपल्या गावांच्या हाती कारभार सोपवला. यमाईच्या डोंगराच्या वाटेवरचं ते संग्रहालय पाहिलं की छोट्या संस्थानाची मोठी दृष्टी म्हणजे काय ते ध्यानात येतं.

खोलीकडे पुन्हा वळू, कारण जोडप्याची खरी अडचण तिथे असते. स्टँडच्या अगदी समोरचा लॉज टाळून पाच-सात मिनिटं चालत आत असलेला निवडावा. रात्रभरचे हॉर्न आणि कर्णे तिथे पोचत नाहीत. भाडं विचारण्याआधी हिशोब चोवीस तासांचा की दुपारी बारापर्यंतचा, हे विचारा. रात्रीच्या गाडीने पहाटे पोचणाऱ्यांना चोवीस तासांची पद्धत चांगलीच फायद्याची पडते. खोली आणि न्हाणीघर दोघांनीही डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दोघांचंही ओळखपत्र लागतं. लग्नानंतर बायकोने नाव बदललं नसेल, आणि न बदलण्याचा तिला पूर्ण हक्क आहे, तर काउंटरवर प्रश्न येतात. लग्नाच्या दाखल्याची प्रत मोबाइलमध्ये असू द्यावी. लग्न न झालेल्या जोडप्यांनी हे ध्यानात ठेवावं की दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहणं हा गुन्हा नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तसं स्पष्ट सांगितलं आहे. तरी एखादा लॉजमालक खोली नाकारतो, आणि रात्री नऊला दारात उभं राहून कायदा शिकवण्यात कुणाचंच हित नाही. आधी फोन करून सरळ विचारावं. खोटं नातं मात्र सांगू नये. त्याने आपलीच बाजू लंगडी होते.

मग देवस्थानांचे भक्तनिवास का नकोत, तिथे तर नाममात्र देणगीत राहता येतं आणि सज्जनगडावर दुपारचा प्रसादही मिळतो, असा प्रश्न साहजिक आहे. भक्तनिवासात जरूर राहावं, पण तिथली शिस्त मनापासून पाळायची असेल तरच. सज्जनगडाचे दरवाजे रात्री बंद होतात, पहाटे काकड आरती होते, दासनवमीच्या दिवसांत साधकांनाच जागा पुरत नाही. समर्थ रामदासांच्या समाधीच्या गावी एक रात्र काढण्यासारखा दुसरा अनुभव नाही. परंतु प्रसाद म्हणजे जेवणाचा वाचलेला खर्च, असं धरून सहल आखणं मला अयोग्य वाटतं. ते अन्न कुणाच्या तरी दानातून आलेलं असतं. खानावळीत दोघांना जेवढे पैसे पडले असते, निदान तेवढे दानपेटीत टाकावेत आणि पंगतीत वाढायला हात लावावा. असं केलं की हिशोबही सरळ राहतो आणि मनही.

जेवणात काटकसरीसाठी उपाशी राहायची गरज या भागात पडत नाही. दुपारचं मुख्य जेवण स्थानिक खानावळीत घ्यावं, कारण त्या वेळी भाकरी गरम आणि भाजी ताजी असते. रात्री हलकं खावं. कराड-सांगली पट्ट्यातला अख्खा मसूर दोघांसाठी फार सोयीचा: एक ताट, चार रोट्या, कांदा-लिंबू, पोट भरतं. सांगलीची भडंग प्रवासात दोन दिवस कुरकुरीत राहते. साताऱ्याचे कंदी पेढे मात्र पहिल्या दिवशी घेऊन पिशवीतून नाचवण्यात अर्थ नाही, निघायच्या दिवशी घ्यावेत. बाटलीबंद पाण्यावर जाणारा पैसा जोडप्याच्या ध्यानातच येत नाही. दोन मोठ्या बाटल्या घरून आणून लॉजवर भरून घेतल्या तर चार दिवसांत एका जेवणाचे पैसे सहज सुटतात.

साताऱ्याहून सांगलीला जाताना रेल्वे की एसटी? पुणे-मिरज लोहमार्ग दोन्ही शहरांतून जातो आणि साध्या डब्याचं तिकीट स्वस्त असतं. पण साताऱ्याचं रेल्वे स्थानक शहराबाहेर माहुलीच्या बाजूला आहे आणि कराडचं ओगलेवाडीला. तिथवरच्या रिक्षात रेल्वेची बचत विरून जाते. उलट सांगली स्थानक शहरातच आणि मिरज तर मोठं जंक्शन. म्हणून साताऱ्यात एसटीने यावं, साताऱ्याहून कराड आणि पुढे सांगली हा टप्पाही एसटीने करावा, आणि परतीला सांगली किंवा मिरजहून रेल्वे धरावी. कराडला दोन-तीन तास उतरावं. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात तो प्रीतिसंगम, त्या काठी यशवंतराव चव्हाणांची समाधी, आणि शहरात त्यांचं ‘विरंगुळा’ हे घर. पाठीवर ओझं घेऊनही हे पाहता येतं. म्हणूनच पिशवी एवढीच भरावी, की बाईला आणि पुरुषाला ती आपापली उचलून एसटीच्या पायऱ्या चढता येतील.

सांगलीत पाहायचं काय, असं विचारणारे बरेच भेटतील. डोंगर नाही, किल्ला नाही, धबधबा नाही. या आक्षेपाचं उत्तर असं, की सांगली-मिरज पाहायची असते ती माणसांच्या हातातल्या कामात. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलं. तो दिवस आजही मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतात. भाव्यांच्या नावाचं नाट्यगृह सांगलीत आहे आणि बालगंधर्वांच्या नावाचं मिरजेत. मुक्कामाच्या दिवसांत तिथे प्रयोग असेल तर त्यावर पैसे खर्च करावेत, वाचवलेले पैसे असतात कशासाठी? सकाळी सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांनी बांधलेलं कृष्णाकाठचं गणपती मंदिर पाहून हरिपूरच्या रस्त्याला लागावं. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ आणि ‘शारदा’ लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचं हे गाव. हरिपुरात हळद साठवण्यासाठी जमिनीत पेवं खणलेली होती. २००५ च्या महापुरात त्यांतली पुष्कळ निकामी झाली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फेब्रुवारी-मार्चच्या हंगामात मार्केट यार्डात सौदे सुरू असताना कडेला उभं राहून पाहावं, व्यवहाराच्या मधे येऊ नये.

मिरजेसाठी पूर्ण दिवस ठेवावा. सांगलीहून शहर बसने ती अर्ध्या तासाच्या आत-बाहेर आहे. सतारमेकर गल्लीत पंढरपूरच्या बाजूने आलेल्या भोपळ्यांपासून तंबोरे आणि सतारी घडतात. भोपळा कापणं, वाळवणं, लाकडाची तबकडी बसवणं, तारांना झंकार यावा म्हणून जवारी लावणं, सगळं दुकानाच्या पुढच्या भागातच चाललेलं दिसतं. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. काही विकत घेणार नसाल तर तसं आधीच सांगावं, फोटोला विचारावं, आणि कारागीर जवारी लावत असताना बोलू नये, कारण तो कानाने काम करत असतो. जवळच मीरासाहेबांचा दर्गा, आणि त्याच आवारात १९३७ मध्ये वारलेले गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांची कबर. उरुसात तिथे गायक-वादक हजेरी लावतात, ऐकायला तिकीट नसतं. मकरसंक्रांतीच्या सुमारास आलात तर भिलवडीजवळच्या औदुंबरला जावं. दत्ताच्या त्या गावी संक्रांतीला वर्षानुवर्षं साहित्य संमेलन भरत आलं आहे.

काटकसर कुणाच्या वाट्याला येते, हेही दोघांनी मोकळेपणाने बोलून ठरवावं. दोघांचा प्रवास म्हटला तरी स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणं, उशिराच्या गाडीत उभं राहणं, रात्री दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासणं हे बहुधा बाईच्या वाट्याला येतं. अशी बचत बचत नव्हे. दिवस आखताना स्वच्छ सोय कुठे मिळेल, म्हणजे संग्रहालय, रेल्वे स्थानक, बरं हॉटेल, हे आधी लिहून ठेवावं आणि त्याभोवती बाकीचं बसवावं. अंधार पडल्यावर रिक्षा करावी, पायी चालण्याचा हट्ट नको. पैशांची पिशवी एक ठेवली तरी दोघांकडेही परतीच्या तिकिटापुरते सुटे पैसे असावेत.

परतीसाठी मुंबईकरांनी कोल्हापूरहून येणारी रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरावी; एका रात्रीचं खोलीभाडं वाचतं. दिवसा जायचं तर कोयना एक्स्प्रेस आहे, आणि विदर्भातल्या वाचकांना नागपूर-गोंदियाकडे नेणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस मिरज-सांगलीवरूनच जाते. महालक्ष्मीचं आरक्षण मात्र सहल ठरल्या दिवशीच करून टाका. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ या दोन्ही शहरांना सर्वांत चांगला. फुलांसाठी सप्टेंबरात येणाऱ्यांनी साताऱ्यावर भर द्यावा आणि सांगलीला निघण्यापूर्वी १९२९ च्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती आहे ते बातम्यांत पाहावं: तिथे ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी धरतात. पाणी ४० च्या जवळ असेल तर सांगलीचा बेत पुढे ढकला.